रात्री पायांना चैन का पडत नाही? 'रेस्टलेस लेग्ज'चे उपचार बदलले, शिरूर-दौंडसाठी त्याचा अर्थ काय?

जेवण उरकलं, भांडी झाली, दिवे मालवले. अंथरुणावर अंग टाकलं आणि दहा-पंधरा मिनिटांत पोटऱ्यांमध्ये खोल कुठेतरी वळवळ सुरू झाली. धड दुखणं नाही, धड मुंग्या नाहीत, पण पाय एका जागी ठेवणं अशक्य. कूस बदलली, पाय आपटले, शेवटी उठून घरातल्या घरात चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. पुन्हा आडवं झालं की पुन्हा तेच.

ग्रामीण महाराष्ट्रात या त्रासाला वेगळं असं नाव नाही. कोणी म्हणतं 'पाय ओढतात', कोणी म्हणतं 'पोटऱ्या चावतात', तर कोणाला 'पायात किडे वळवळल्यासारखं' वाटतं. त्यावरची उत्तरंही ठरलेली असतात: कामाचा थकवा असेल, अशक्तपणा असेल, वय झालं असेल. मग ताकदीचं इंजेक्शन, एखादी वेदनाशामक गोळी, फार तर झोपेची गोळी. आणि घरातल्या लहान मुलाकडून पाय तुडवून घेणं तर घरोघरी चालतं.

वैद्यकशास्त्रात या आजाराला 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणजे आरएलएस म्हणतात. त्यावर उपचार आहेत. पण कोणता उपचार आधी करायचा, याबद्दलचं मत गेल्या काही वर्षांत जवळजवळ उलटं झालं आहे. हा बदल शिरूर आणि दौंडसारख्या तालुक्यांसाठी का महत्त्वाचा आहे, ते समजून घेऊया.

नेमकं काय बदललं?

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन ही झोपेच्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांची संस्था आहे. २०१२ मध्ये या संस्थेने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या दोन गोळ्या आरएलएसच्या उपचारात सर्वांत वर होत्या. या मूळच्या पार्किन्सनसाठी वापरल्या जाणाऱ्या गोळ्या. मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम त्या करतात.

जानेवारी २०२५ मध्ये याच संस्थेच्या नव्या सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यात या दोन्ही गोळ्या आणि लेव्होडोपा नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत, असं सुचवलं आहे. त्याऐवजी दोन गोष्टींना वरचं स्थान मिळालं. पहिली म्हणजे शरीरातलं लोह तपासा आणि कमी असेल तर ते भरून काढा. दुसरी म्हणजे गोळ्यांची गरज पडलीच, तर गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबॅलिनच्या गटातली औषधं आधी वापरा. क्लोनाझेपाम ही झोपेसाठी सर्रास दिली जाणारी गोळीही आरएलएससाठी सुचवलेली नाही.

ज्या गोळीने रुग्णाला पहिल्याच आठवड्यात आराम पडतो, तिलाच मागे का ठेवलं? कारण ही गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर अनेकांमध्ये आजार उलट वाढतो. आधी रात्री दहाला सुरू होणारा त्रास संध्याकाळी सहाला, मग दुपारीच सुरू होतो. पायांपुरता असलेला त्रास हातांपर्यंत पसरतो. मग डोस वाढवला जातो, थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच चक्र फिरतं. डॉक्टर याला 'ऑगमेंटेशन' म्हणतात.

२०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रीगॅबॅलिन आणि प्रामिपेक्सोल यांची सुमारे वर्षभर तुलना झाली. प्रामिपेक्सोलच्या ०.५ मिलिग्रॅम डोसवर ७.७ टक्के रुग्णांमध्ये असा उलटा परिणाम दिसला, तर प्रीगॅबॅलिनवर २.१ टक्के रुग्णांमध्ये. हा आकडा एका वर्षाचा आहे. हा आजार मात्र अनेकदा वीस-तीस वर्षं सोबत राहतो.

हा आजार ओळखायचा कसा?

आरएलएससाठी एक्स-रे किंवा एमआरआय लागत नाही. निदान होतं ते प्रश्न विचारून. पाच गोष्टी पाहिल्या जातात.

एक, पाय हलवण्याची अनावर इच्छा होते आणि बहुतेक वेळा त्यासोबत पायांत आतून अस्वस्थ करणारी जाणीव असते. दोन, ही इच्छा बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर सुरू होते किंवा वाढते. तीन, चाललं किंवा पाय ताणले की, निदान ती हालचाल चालू असेपर्यंत तरी, बरं वाटतं. चार, त्रास संध्याकाळी आणि रात्री जास्त असतो. पाच, या सगळ्याचं दुसरं कोणतं कारण सापडत नाही.

पाचवी अट सर्वांत महत्त्वाची. रात्री अचानक पोटरीत गोळा येतो, तो आरएलएस नाही. मधुमेहात तळपायांची आग होते किंवा मुंग्या येतात, पण चालल्याने त्या थांबत नाहीत. पायांच्या शिरा फुगल्या असतील तर दिवसभर उभं राहिल्यावर पाय जड होतात. गुडघ्याचं दुखणं चालल्यावर वाढतं. आणि बसल्या बसल्या पाय हलवण्याची सवय, ज्यावरून मोठी माणसं हमखास ओरडतात, तीही वेगळी. सवय मनात आणलं तर थांबवता येते. आरएलएसमध्ये पाय थांबवून धरले की जीव कासावीस होतो.

हा आजार नवा नाही. १६७२ मध्ये थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने त्याचं वर्णन केलं होतं. १९४५ मध्ये स्वीडनचे कार्ल-ॲक्सेल एकबोम यांनी त्याला आजचं नाव दिलं. युरोप-अमेरिकेतल्या पाहण्यांत ५ ते १० टक्के प्रौढांमध्ये ही लक्षणं आढळतात. त्यातल्या थोड्यांनाच औषध लागेल इतका त्रास असतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त आहे आणि गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, साधारण पाचपैकी एका स्त्रीला हा त्रास होतो. बहुतेकींचा त्रास बाळंतपणानंतर कमी होतो.

लोहाचा आणि पायांचा काय संबंध?

मेंदूत डोपामिन तयार होण्यासाठी लोह लागतं. आरएलएस असलेल्यांच्या मेंदूच्या काही भागांत लोह कमी असल्याचं एमआरआयमध्ये आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीत दिसलं आहे. कधीकधी रक्तातलं लोह बऱ्यापैकी असतं, तरीही मेंदूपर्यंत ते पुरेसं पोचत नाही. आजार अनेक घरांत आनुवंशिकही असतो. म्हणजे लोह हे एकमेव कारण नाही, पण सहज तपासता येणारं आणि भरून काढता येणारं कारण आहे.

गंमत म्हणजे हेही जुनंच ज्ञान आहे. १९५३ मध्ये स्वीडनमध्येच नॉर्डलँडर यांनी शिरेतून लोह देऊन रुग्णांना आराम पडल्याचं नोंदवलं होतं. पुढे डोपामिनच्या गोळ्या आल्या. अमेरिकेत २००५ मध्ये रोपिनिरोल आणि २००६ मध्ये प्रामिपेक्सोलला आरएलएससाठी मान्यता मिळाली आणि लोह मागे पडलं. आता ते परत पुढे आलं आहे.

शिरूर-दौंडमध्ये हा प्रश्न मोठा का?

कारण आपल्याकडे लोहाची कमतरता अपवाद नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ दरम्यान, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडली. सगळा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळेच होतो असं नाही, पण लोह हे त्यातलं मोठं कारण आहे.

त्यात या दोन तालुक्यांचं जगणं बघा. भीमा आणि घोड नदीच्या काठचा उसाचा पट्टा, हंगामात येणारी ऊसतोड कुटुंबं, गुऱ्हाळं. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमधल्या पाळ्या. दौंडहून पुण्याला रोज रेल्वेने जाऊन-येऊन नोकरी करणारी माणसं. आरएलएसचा त्रास नेमका संध्याकाळनंतर आणि एका जागी बसल्यावर वाढतो. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला तो अंथरुणावर गाठतो, तर नोकरदाराला परतीच्या गाडीत. पहाटेपर्यंत झोप न लागलेला कामगार सकाळच्या पाळीला यंत्रासमोर उभा राहतो, तेव्हा प्रश्न फक्त पायांचा राहत नाही.

आणखी एक गोष्ट. या आजारात औषधाविना लगेच आराम देणारा एक उपाय म्हणजे उठून चालणं. शहरातला माणूस सोसायटीच्या आवारात चक्कर मारू शकतो. शिरूरच्या पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा जीव गेला. उसाला लागून घर असलेल्या माणसाला रात्री दोन वाजता अंगणात फेऱ्या मारा, असं सांगता येत नाही.

'रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आहे' म्हणजे काय?

बहुतेक रुग्णांची गाडी इथेच अडते. आपल्याकडे 'रक्त तपासलं' याचा अर्थ बहुधा हिमोग्लोबिन तपासलं असा होतो. पण हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या वापरातलं लोह. साठ्यातलं लोह कळतं ते फेरिटिन या तपासणीतून. घरातल्या डब्यात धान्य दिसतंय म्हणून कणगी भरलेली आहे, असं होत नाही. हिमोग्लोबिन १२ असूनही साठा तळाला गेलेला असू शकतो.

फेरिटिन ही नेहमीच्या रक्ततपासणीत आपोआप येत नाही, ती वेगळी सांगून करून घ्यावी लागते. नव्या सूचनांनुसार आरएलएसचा त्रास असलेल्या प्रत्येक रुग्णाची फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ही तपासणी व्हायला हवी. शक्यतो सकाळी आणि त्याआधी २४ तास लोहाची गोळी न घेता.

त्यापुढे आणखी एक खाचखळगा आहे. अनेक प्रयोगशाळांच्या कागदावर स्त्रियांसाठी फेरिटिनची खालची मर्यादा १० किंवा १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी छापलेली असते. रिपोर्टमध्ये ३० आलं की शेजारी 'नॉर्मल' दिसतं. आरएलएससाठी मात्र हिशेब वेगळा आहे. फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर प्रौढ रुग्णाला गोळीतून किंवा शिरेतून लोह देण्याचा विचार करावा, असं सूचना सांगतात. ७५ ते १०० च्या दरम्यान असेल तर गोळीचा फारसा उपयोग होत नाही, तिथे फक्त शिरेतून लोह देण्याचा पर्याय आहे.

ताप, जंतुसंसर्ग किंवा अंगातली सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. त्यामुळे आजारपणात केलेल्या तपासणीवर विसंबू नये.

लोह गोळीतून घ्यायचं की शिरेतून?

साठा कमी असेल तर सुरुवात सहसा गोळीने होते. लोहाची गोळी स्वस्त आहे, सरकारी आरोग्य केंद्रांत मोफतही मिळते. 'ॲनिमिया मुक्त भारत' मोहिमेत गरोदर स्त्रियांना रोज एक, तर इतर प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांना आठवड्याला एक गोळी दिली जाते. पण आठवड्याला एक गोळी ही रक्तक्षय टाळण्यासाठी आहे. आरएलएसमध्ये साठा भरायचा असेल तर डोस डॉक्टरांनी ठरवावा लागतो. बहुधा दिवसाला एक किंवा एक दिवसाआड एक गोळी दिली जाते आणि साधारण तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा पाहिली जाते.

गोळी वाया जाण्याची दोन कारणं घरातच असतात. एक, चहा. जेवणानंतर लगेच चहा आणि त्यासोबत गोळी घेतली, तर लोह नीट शोषलं जात नाही. दुसरं, कॅल्शियम. 'पाय दुखतात' म्हटलं की कॅल्शियमची गोळी मिळते आणि ती लोहाच्या गोळीसोबतच गिळली जाते. दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर हवं. लिंबू, आवळा, पेरू यांतल्या 'क' जीवनसत्त्वाने मात्र लोह शोषायला मदत होते. गोळीने शौच काळी होते, पोट बिघडू शकतं. याची आधी कल्पना दिली नाही तर लोक आठवड्यात गोळी सोडून देतात.

गोळी सोसत नसेल, शोषली जात नसेल किंवा त्रास तीव्र असेल तर शिरेतून लोह देतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज या प्रकारच्या लोहाची शिफारस नव्या सूचनांत ठामपणे केली आहे. हे औषध भारतात मिळतं. आराम लगेच दुसऱ्या दिवशी नाही, काही आठवड्यांनी जाणवतो. क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते, काहींच्या रक्तातलं फॉस्फेट कमी होतं. म्हणून ते दवाखान्यात, देखरेखीखालीच घ्यायचं. गल्लीतल्या 'ताकदीच्या सलाइन'शी त्याची गल्लत करू नये.

तपासणी न करता स्वतःच्या मनाने लोह घेणं धोक्याचं आहे. थॅलेसेमिया किंवा लोह साठून राहण्याचे आजार असलेल्यांना ते अपाय करतं. आणि पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचं लोह कमी निघालं, तर ते गेलं कुठे हे शोधणं आवश्यक आहे. मूळव्याध, जठरातला व्रण, आतड्यांचा कर्करोग यांतून नकळत रक्त जात असू शकतं. पाय दुखतात म्हणून वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही जठरातून रक्तस्राव होतो. म्हणजे पायांसाठी घेतलेली गोळी लोह कमी करते आणि लोह कमी झाल्याने पायांचा त्रास वाढतो.

नवं औषध सुरू करण्याआधी जुनं तपासा

काही औषधांनीच आरएलएस वाढतो. सर्दी-खाजेवर दिल्या जाणाऱ्या, झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या, मळमळीवरचं मेटोक्लोप्रमाइड, नैराश्यावरची बरीच औषधं आणि मानसिक आजारांवरची काही औषधं ही त्यातली ठळक नावं. झोप येत नाही म्हणून ॲलर्जीची गोळी घेणाऱ्याचे पाय आणखीच अस्वस्थ होऊ शकतात. मात्र नैराश्य किंवा मानसिक आजारावरची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. डॉक्टरांना त्रास सांगितला तर पर्याय निघतो. रात्रीची दारू आणि संध्याकाळचा चहा-कॉफी कमी केल्यानेही काहींना फरक पडतो.

डायलिसिसवर असलेल्या रुग्णांमध्ये आरएलएस बराच जास्त आढळतो. चार तास खुर्चीत बसून राहणं त्यांना असह्य होतं. त्यांच्यासाठी लोहाच्या मर्यादा आणि औषधांचे डोस वेगळे आहेत. त्यामुळे हा त्रास डायलिसिस करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवा.

लोह पुरेसं असेल आणि तरीही त्रास असेल तर?

मग गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबॅलिन. भारतात ही औषधं सहज मिळतात. किंबहुना बी-१२ सोबत प्रीगॅबॅलिन असलेल्या मिश्र गोळ्या 'नसांसाठी' म्हणून सर्रास दिल्या जातात. तरी ती साधी जीवनसत्त्वाची गोळी नाही. चक्कर, दिवसा झापड, वजन वाढणं, पायांवर सूज हे दुष्परिणाम दिसतात. वयस्कर माणूस रात्री उठताना पडू शकतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत ती घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. पहाटे दुचाकीवरून कामावर जाणाऱ्याने पहिले काही दिवस विशेष जपायला हवं.

आधीपासून प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल सुरू असेल तर?

हे वाचून गोळी अचानक बंद करू नका. अचानक थांबवल्यास त्रास एकदम उसळतो आणि काही रात्री अजिबात झोप लागत नाही. स्वतःला तीन प्रश्न विचारा. त्रास पूर्वीपेक्षा लवकर सुरू होतो का? हातांपर्यंत पसरला आहे का? डोस वाढवत न्यावा लागला आहे का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना भेटण्याची वेळ आली आहे. डोस हळूहळू उतरवत दुसरं औषध सुरू करता येतं.

या गोळ्यांचा आणखी एक दुष्परिणाम घरच्यांनी माहीत करून घ्यावा. काही रुग्णांमध्ये जुगार, उधळी खरेदी यांची अनावर ओढ निर्माण होते. माणूस बिघडला, असं समजून घरात भांडणं होतात. कारण मात्र गोळीत असू शकतं.

मग पुण्याला जावं लागेल का?

शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावं पुण्यापासून साधारण ७० ते ८० किलोमीटरवर आहेत. तज्ज्ञाला दाखवायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, गाडीभाडं आणि तपासण्यांचा खर्च. उपचाराची पहिली पायरी डोपामिनची गोळी होती तोवर हा प्रवास बऱ्याचदा टळत नसे. नव्या सूचनांचा खरा फायदा इथे आहे. पाच प्रश्न विचारणं, आधीची औषधं तपासणं, काही शे रुपयांची फेरिटिन तपासणी करून घेणं आणि लोहाची गोळी सुरू करणं, हे सगळं तालुक्याच्या गावातला डॉक्टर करू शकतो. लोह भरूनही तीन महिन्यांत फरक पडला नाही, निदानच नक्की होत नसेल, जुन्या गोळीने आजार वाढला असेल किंवा रुग्ण गरोदर किंवा डायलिसिसवर असेल, तर मात्र तज्ज्ञ हवा.

यंत्रणेच्या बाजूनेही फार मोठं काही लागणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांमध्ये वढू इथून २००२ पासून घरोघरी आरोग्याच्या नोंदी ठेवतं आहे. आशा कार्यकर्त्या गरोदर स्त्रियांच्या घरी जातातच. त्यांच्या प्रश्नांमध्ये 'रात्री आडवं झाल्यावर पाय हलवल्याशिवाय राहवत नाही का?' एवढा एक प्रश्न जोडला, तरी आज 'थकवा' म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या अनेक जणी डॉक्टरांपर्यंत पोचतील.

तोवर रुग्णाने दवाखान्यात जाताना 'पाय दुखतात' एवढंच सांगू नये. कधी सुरू होतं, कशाने थांबतं आणि किती रात्री झोपमोड झाली, या तीन गोष्टी सांगाव्यात आणि फेरिटिनबद्दल विचारावं.